शिकाऊ वीजतंत्र्यांचा पाठ्यक्रम : मंडलविचार आणि नियमविचार

कारागिरांसाठी लिहिलेल्या पुस्तकांचे परीक्षण करण्याचा प्रघात विद्यापीठीय नियतकालिकांत फारसा पडलेला नाही. काव्य, नाटक, इतिहास ह्यांच्या जोडीने शालेय पाठ्यपुस्तकांचाही विचार अधूनमधून होतो. परंतु औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून जी पुस्तके वर्षानुवर्षे शिकविली जातात, त्यांतील विषयाची मांडणी, आकृत्यांची निवड आणि परिभाषा ह्यांकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. ही उपेक्षा समर्थनीय नाही. काव्यसमीक्षेत सैल विधान केले तर त्याचे प्रायश्चित्त पुढील अंकातल्या प्रतिवादाने होते; वीजतंत्र्याच्या पुस्तकातील सैल विधान मात्र शिकणाऱ्याच्या बोटांपर्यंत पोचते, आणि ती बोटे तारेवर असतात.

प्रस्तुत लेखात वीजतंत्री व तारतंत्री ह्या दोन व्यवसायांच्या प्रारंभिक शिक्षणातील एकाच दोषाचा विचार करावयाचा आहे. विद्युत् मंडलाचा सिद्धांत आणि तारजोडणीची संहिता हे दोन विषय ह्या शिक्षणात शेजारीशेजारी नांदतात, पण त्यांचा परस्परांशी व्यवहार नसतो. सिद्धांत हा गणिताचा भाग म्हणून शिकविला जातो, संहिता ही आज्ञांची यादी म्हणून. वास्तविक संहितेतील बहुतेक महत्त्वाचे नियम हे सिद्धांताचेच निष्कर्ष आहेत. ते तसे दिसत नाहीत, ह्याचे प्रमुख कारण माझ्या मते हे, की सिद्धांताच्या आकृतीतून जमीन वगळलेली असते.

विवेचनाला स्थळाचा आधार असावा म्हणून मानपाडा हे नाव घेतो. ह्या नावाची दोन ठिकाणे ठाणे जिल्ह्यात आहेत : एक ठाणे शहरात, घोडबंदर रस्त्यावर, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी, दुसरे डोंबिवली पूर्वेस, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतीलगत. दोन्हीकडे वीजपुरवठा महावितरणचा, परंतु पहिले भांडुप परिमंडळात मोडते आणि दुसरे कल्याण परिमंडळात. पहिल्या मानपाड्याच्या परिसरात कारखान्यांची जागा बहुमजली वसाहतींनी घेतली; दुसऱ्याच्या शेजारी रासायनिक व यांत्रिक कारखाने अद्याप आहेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडलेला तरुण ह्यांपैकी कोठेही शिकाऊ उमेदवार म्हणून जाऊ शकतो. कारागीर प्रशिक्षण योजना १९५० सालची, राष्ट्रीय व्यवसाय प्रशिक्षण परिषद १९५६ सालची आणि शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ सालचा. म्हणजे ही सारी व्यवस्था साठ-सत्तर वर्षांची जुनी आहे. योजनेच्या आराखड्याशी येथे भांडण नाही. भांडण आहे ते पहिल्या काही महिन्यांत फळ्यावर काढल्या जाणाऱ्या एका आकृतीशी.

ती आकृती सर्वपरिचित आहे. एक विद्युत् घट, त्यापासून निघालेल्या दोन तारा, एक चावी आणि एक दिवा. मार्ग पूर्ण झाला की प्रवाह वाहतो, कोठेही तुटला की थांबतो. ह्या आकृतीत काहीही खोटे नाही. ओहमचा नियम, एकसरी व समांतर जोडणी, शक्तीची गणना ही सर्व तिच्या आधाराने नीट शिकविता येतात, आणि चावी ह्या तारेत बसवा की त्या तारेत, दिव्याला फरक पडत नाही, हेही तिच्यातून विद्यार्थ्याच्या मनावर पक्के ठसते.

काही आठवड्यांनी तोच विद्यार्थी तारजोडणीच्या प्रकरणाशी येतो आणि तेथे त्याला सांगितले जाते, की चावी फेजच्या तारेतच बसली पाहिजे. भारतीय विद्युत् नियम, १९५६ ह्यांतील ३२ व्या नियमाने भूसंबद्ध तटस्थ तारेत स्वतंत्र चावी किंवा फ्यूज घालण्यास मनाई केली होती. सर्व तारा एकाच वेळी तोडणारी संलग्न चावी एवढाच अपवाद होता. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांतही हे तत्त्व पुढे चालू राहिले. विद्यार्थ्याच्या दृष्टीने आता दोन विधाने समोर आहेत : चावी कोठेही चालते, आणि चावी एकाच ठिकाणी चालते. पहिले विधान पटलेले आहे, दुसरे फर्माविलेले आहे. परीक्षेपुरते तो दोन्ही पाठ करतो. पुढे शिडीवर उभा असताना, बोर्डात हाताला लागलेल्या तारा एकाच रंगाच्या निघाल्या, की पटलेले विधान फर्माविलेल्यावर मात करते. चावी न्यूट्रलमध्ये बसते. दिवा बंद-चालू होतो. काम झाले असे वाटते. काही महिन्यांनी कोणीतरी चावी बंद करून होल्डर बदलावयास चढतो. दिवा विझलेला, होल्डर मात्र जमिनीच्या मानाने पूर्ण २३० व्होल्टवर.

घटाच्या आकृतीत हा अपघात काढून दाखविताच येत नाही, कारण माणसाला उभे राहावयास तिच्यात जागाच नाही. रोहित्राच्या न्यूट्रल बिंदूपासून जमिनीकडे जाणारी एक तिसरी रेघ आणि खाली जमिनीची आडवी रेघ एवढी भर घातली, की तीच आकृती बोलू लागते. फेजपासून माणसाच्या शरीरातून जमिनीकडे आणि जमिनीतून परत रोहित्राकडे असा दुसरा मार्ग तिच्यात दिसतो. ३२ व्या नियमाची कारणमीमांसा त्या दोन रेघांत येते. वेगळ्या व्याख्यानाची गरज राहत नाही.

येथे परिभाषेचा प्रश्न उपस्थित होतो. न्यूट्रलला मराठी पाठ्यपुस्तके 'तटस्थ तार' म्हणतात. भाषांतर म्हणून शब्द निर्दोष आहे. त्रिकला पुरवठ्यात तिन्ही कलांवर सारखा भार असेल, तर ताराबिंदूपाशी तिन्ही प्रवाहांची बेरीज शून्य होते आणि मधल्या तारेतून काहीच वाहत नाही. ती खरोखरच तटस्थ असते. परंतु त्रिकला पुरवठा शिकविला जातो पुढे, आणि 'तटस्थ' हा शब्द विद्यार्थ्याच्या कानी पडतो पहिल्याच आठवड्यात, एका कलेवर चालणाऱ्या घरातील दिव्याच्या संदर्भात. तेथे फेजमधून जितका प्रवाह जातो तितकाच्या तितका ह्या तटस्थ तारेतून परत येतो. काठावर उभा राहून पाहणारा तो तटस्थ, असा मराठी माणसाच्या मनात त्या शब्दाचा अर्थ आहे. अर्थात् ह्या तारेला काही होत नाही, तिला हात लावला तरी चालतो, ही समजूत शब्दातूनच पोसली जाते. इंग्रजी शब्द तसाच वापरणाऱ्या मिस्त्रीमंडळींतही ती आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु मराठी शब्दाने ती दूर व्हावयास हवी होती, ती अधिकच दृढ झाली.

'मंडल' ह्या शब्दाची गंमत निराळी. मराठी विश्वकोशाने विद्युत् मंडल हा प्रयोग स्वीकारला, शालेय पुस्तकांत परिपथ रूढ झाला, आणि दोहोंच्या मध्ये विद्युत मंडळ, म्हणजे २००५ सालापर्यंत वीज पुरविणारी ती संस्था, सर्वांच्या तोंडी होती. आज महावितरणच्या कचेऱ्यांवर मंडळ आणि परिमंडळ हे शब्द प्रशासकीय विभागांसाठी लिहिलेले असतात. शिकाऊ उमेदवार ह्या सगळ्यांतून सुटका करून घेतो आणि सर्किट म्हणतो. त्याला दोष देता येणार नाही. हा शब्द कोणता असावा ह्यावर आपण पुष्कळ शाई खर्च केली. तटस्थसारखा शब्द कोणत्या क्रमाने शिकवावा ह्यावर मात जवळजवळ काहीच नाही. वस्तुतः शब्द कसा बनवावा ह्याइतकाच तो केव्हा द्यावा हा प्रश्न महत्त्वाचा आहे. चेन्नई येथील राष्ट्रीय अनुदेशात्मक माध्यम संस्थेची पुस्तके मराठीतही उपलब्ध होऊ लागली आहेत. तेव्हा हा विचार आता केवळ कोशकारांवर सोडून चालणार नाही.

तटस्थ तार किती तटस्थ असते, ह्याचे प्रत्यंतर वसाहतींतील रहिवाशांना अधूनमधून येते. 'न्यूट्रल गेला' असा वाक्प्रयोग त्यांच्याही बोलण्यात रुळला आहे. इमारतीची मुख्य न्यूट्रल तार तुटली की काही घरांतील दिवे मंदावतात आणि काही घरांतील उपकरणे जळतात. संहिता पाठ असलेल्या विद्यार्थ्याला ह्याचे कारण सांगता येत नाही. ओहमचा नियम येणाऱ्याला आले पाहिजे. दोन घरे दोन निरनिराळ्या फेजवर आहेत असे समजा. एकात ६० वॉटचा साधा दिवा लागलेला आहे, दुसऱ्यात १००० वॉटची इस्त्री. २३० व्होल्टच्या हिशेबाने दिव्याचा रोध सुमारे ८८२ ओहम आणि इस्त्रीचा सुमारे ५३ ओहम. न्यूट्रल तुटताच ही दोन उपकरणे दोन फेजांच्या मध्ये, ४०० व्होल्टवर, एकसरी जोडणीत येतात. दाब रोधाच्या प्रमाणात वाटला जाणार. म्हणजे दिव्याच्या वाट्याला सुमारे ३७७ व्होल्ट. इस्त्री कोमट राहते, दिवा क्षणात जातो. पहिल्या सत्रातील एकसरी जोडणीचे उदाहरण ह्याहून चांगले मिळणार नाही. तरीही पुस्तकांतून १० ओहम व २० ओहम असे निनावी रोध जोडले जातात, ज्यांना घर नाही आणि बिलही नाही.

परतीचा मार्ग शिकविण्यासाठी तर डोंबिवली-कल्याणच्या विद्यार्थ्याला वर्गाबाहेर पाहिले तरी पुरे. लोकल गाडीच्या वर एकच तार असते. दुसरी तार कोठे आहे, हा प्रश्न बहुतेकांना पडत नाही, कारण दोन तारांचे मंडल त्यांनी पाहिलेले असते ते घटाच्या आकृतीत. गाडीचा प्रवाह रुळांतून परततो. रूळ हेच दुसरे वाहक. ठाकुर्लीचे चोळे वीजगृह ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १९२० च्या दशकाच्या अखेरीस उभारले ते ह्याच गाड्यांसाठी. त्या काळी मुंबई उपनगरी मार्गावर १५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह होता. २०१० नंतरच्या दशकात मध्य रेल्वेवर त्याची जागा २५,००० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहाने घेतली. दाब बदलला, प्रवाहाचा प्रकार बदलला, परतीचे तत्त्व तेच राहिले. ज्या गावांच्या वाढीत रेल्वे आणि वीजगृह ह्यांचा एवढा वाटा, तेथील विद्यार्थ्याला जमीन व रूळ हे मंडलाचे घटक आहेत हे परक्या उदाहरणाने शिकावे लागावे, हे नवल आहे.

आता ह्या विवेचनावर एक आक्षेप संभवतो, आणि तो अनुभवी निदेशकांकडून येत असल्यामुळे त्याची दखल घेतली पाहिजे. ते म्हणतात, शिडीवरच्या मुलाने विचार करीत बसू नये. त्याने नियम पाळावा. लाल, पिवळी, निळी म्हणजे फेज, काळी म्हणजे न्यूट्रल, हिरवी म्हणजे अर्थ. ह्यापुढे त्याला तर्क नको. अर्धवट तर्कापेक्षा पक्की सवय प्राण वाचविते. ह्या म्हणण्यात तथ्य आहे. अर्धवट सिद्धांत किती घातक ठरतो ह्याचे उदाहरण मी स्वतःच देतो. जुन्या चाळींत व इमारतींत अनेक ठिकाणी अर्थची तार ओढलेलीच नसते. तेथे तीन पिनांचे सॉकेट बसवावयाचे झाले, की काही मिस्त्री अर्थच्या पिनेला न्यूट्रलच जोडून देतात. विचारले तर त्यांच्याजवळ उत्तर असते : रोहित्रापाशी न्यूट्रल जमिनीलाच जोडलेला आहे, मग येथे जोडला तर काय बिघडले? हा युक्तिवाद अडाण्याचा नव्हे. त्यात सिद्धांताचा अर्धा भाग बरोबर आहे. राहिलेला अर्धा असा, की वाटेत न्यूट्रल तुटला तर उपकरणातून आलेला फेज त्याच जोडणीने उपकरणाच्या धातूच्या अंगावर येतो. कपडे धुण्याचे यंत्र बंद पडलेले दिसते आणि त्याचा पत्रा २३० व्होल्टवर असतो.

परंतु ह्या उदाहरणावरून निदेशकांचा निष्कर्ष निघतो काय? मला तसे वाटत नाही. संहिता ही नव्या, नीट आखलेल्या मांडणीसाठी लिहिलेली असते. शिकाऊ उमेदवाराला बहुधा जुन्या, दहा हातांनी दुरुस्त केलेल्या मांडणीत काम करावे लागते. तेथे लाल तार फेज असेलच असे नाही. संहितेत न बसणारी परिस्थिती समोर आली की सवय थांबते आणि कोणता ना कोणता तर्क सुरू होतोच. तेव्हा प्रश्न इतकाच उरतो, की तो तर्क अर्धा असावा की पुरा. गळतीरक्षक चावीच्या बाबतीत हे ठळकपणे दिसते. ही चावी जाणारा व येणारा प्रवाह ताडून पाहते, आणि घरगुती वापरात साधारणतः ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की पडते. तिच्या पुढे कोठे न्यूट्रल व अर्थ एकमेकांना लागलेले असतील, तर परतीचा काही भाग जमिनीतून जातो आणि चावी वारंवार पडते. मिस्त्री म्हणतो, चावी खराब आहे. आणि तिला वगळून तारा सरळ जोडून टाकतो. ज्याने जमिनीसकट आकृती पाहिली आहे तो चावीला बोल लावण्यापूर्वी ती जोडणी शोधील. संहितेत चावी बसविण्याची आज्ञा आहे, ती का पडते ह्याचा उलगडा नाही. आणि तो तेथे असावा अशी अपेक्षाही नाही. ते काम पाठ्यपुस्तकाचे.

संहितेतील आकड्यांचीही हीच गत आहे. आय. एस. ७३२ ह्या मानकानुसार दिवे-पंख्यांच्या एका उपमंडलावर दहापेक्षा अधिक बिंदू नसावेत आणि भार ८०० वॉटपेक्षा अधिक नसावा, हे दीर्घकाळ शिकविले गेले. ८०० ला २३० ने भागले की साडेतीन अँपिअर येतात, आणि ५ अँपिअरचा फ्यूज का पुरतो हे कळते. एका ओळीचा हिशेब आहे. त्याहून उद्बोधक नियम निरोधनाचा : मेगरने मोजलेला निरोधन-रोध, मेगओहममध्ये, ५० भागिले बिंदूंची संख्या ह्याहून कमी नसावा; संपूर्ण मांडणीसाठी मात्र एक मेगओहमहून अधिक असण्याची आवश्यकता नाही. पाठांतराच्या दृष्टीने हे सूत्र विचित्र वाटते. मागावयाचे तर जास्त बिंदूंना जास्त निरोधन मागावे, येथे कमी मागितले आहे. समांतर रोधांचा धडा ज्याला समजला त्याला ह्यात विचित्र काही नाही. प्रत्येक बिंदू हा गळतीचा एक वेगळा मार्ग, आणि त्याचा रोध ५० मेगओहम धरला, तर दहा मार्ग समांतर झाल्यावर एकूण रोध ५ मेगओहम होणारच. समांतर जोडणीचा नियम संहितेच्या भाषेत असा लिहिलेला असताना पुस्तकात ही दोन प्रकरणे इतकी दूर का असावीत, हे समजत नाही. आता व्यवसाय परीक्षेतील सिद्धांताचा भाग दिलेल्या पर्यायांतून उत्तर निवडण्याचा झाल्यामुळे हे अंतर आणखी सोईचे झाले आहे : सूत्राचा पर्याय ओळखता आला की पुरते.

तारतंत्री व्यवसायाच्या बाबतीत अडचण अधिक मूलगामी आहे. वीजतंत्रीसाठी दहावी उत्तीर्ण असावे लागते; तारतंत्रीला आठवीनंतर प्रवेश मिळतो. महाराष्ट्राच्या शालेय पाठ्यक्रमात ओहमचा नियम येतो नववीत. म्हणजे घरोघरी प्रत्यक्ष तारा ओढणारा जो वर्ग, त्याची ओहमशी पहिली भेट प्रशिक्षण संस्थेतच होते, आणि तीही घटाच्या त्या आकृतीतून. बडोद्याच्या कलाभवनात १८९० पासून त्रिभुवनदास गज्जर ह्यांनी कारागिरीचे शास्त्र देशी भाषांतून शिकविण्याचा उद्योग आरंभिला होता. त्या परंपरेचे स्मरण आपण गौरवाने करतो. पण आठवी उत्तीर्ण मुलाला विद्युत् दाब म्हणजे काय हे त्याच्या भाषेत, त्याच्या घरातील तारांच्या आधारे कसे सांगावे, ह्या प्रश्नाचे उत्तर त्या स्मरणातून मिळत नाही.

शेवटी जमिनीकडेच वळतो. अर्थिंग केले म्हणजे भय संपले, हे वाक्य सर्वत्र ऐकू येते. पुरवठादाराच्या अर्थ तारेचा आधार नसलेले, केवळ स्वतःच्या खड्ड्यावर विसंबणारे एक घर घ्या. खड्ड्याचा रोध १० ओहम, रोहित्राकडील भूयोजनाचा २ ओहम. यंत्राच्या पत्र्यावर फेज आला तर एकूण १२ ओहममधून सुमारे १९ अँपिअर वाहतील. १६ अँपिअरची स्वयंचलित चावी १९ अँपिअरला तासभरातही पडेल अशी खात्री नाही. तेवढा वेळ पत्रा जमिनीच्या मानाने सुमारे १९२ व्होल्टवर राहील. अर्थिंग आहे, नियम पाळलेला आहे, आणि हात लावणाऱ्याला झटका बसणार आहे. गळतीरक्षक चावीचे प्रयोजन ह्या बेरीज-भागाकारात आहे. आणि १० हा आकडा कोठून आला हे मात्र कोणत्याच पुस्तकात सापडणार नाही, कारण तो त्या त्या जागेच्या मातीत असतो. दोन्ही मानपाड्यांच्या खाली दख्खनचा काळा पाषाण आहे. पण येऊरच्या पायथ्याशी तो वर येतो आणि मुरुमाचा थर पातळ होतो, तर डोंबिवलीच्या सखल भागात माती व भराव अधिक. जुलैत ओल धरलेली जमीन प्रवाहाला जेवढी वाट देते, तेवढी मे महिन्यात देत नाही. संहिता एकच आहे आणि खड्डे दोन. शिकाऊ उमेदवारांच्या दोन तुकड्यांनी दोन ठिकाणी, पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यात, खड्ड्याचा रोध मोजून वरील हिशेब आपल्या आकड्यांनी पुन्हा मांडावा, एवढे प्रात्यक्षिक पहिल्या वर्षात सहज बसते. त्याला लागणारे भूरोधमापक यंत्र व्यवसायाच्या साधनसामग्रीत समाविष्ट असतेच.